नऊत एक म्हणजे नेमकं कोण?



आज आम्ही आमचीच एक चूक निस्तरायला बसलोय. मागच्या महिन्यात कॅन्सरच्या तपासणीवर कार्यक्रम केला, तेव्हा माइकवर एक वाक्य बोलून गेलो. "नऊ जणींत एकीला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो." वाक्य छोटं, लक्षात राहणारं. बोललो आणि लगेच गाणं लावलं. त्या वाक्याचा अर्थ काय, ते कुठून आलं, हे सांगायला थांबलोच नाही.

आठवड्याभरात डोंगराकडच्या एका गावातून फोन आला. बचत गटाच्या सचिव ताई बोलत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमचा कार्यक्रम ऐकला आम्ही. पण आमच्या गटात झाली की एकीला, दोन वर्षांमागं. आता बाकीच्यांना कशाला तपासायचं? आमच्या वाटणीची झाली."

पहिल्यांदा आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांच्या गावच्या उपकेंद्रात तपासणीचा दिवस होता आणि गटातल्या अकरा जणींपैकी एकही गेली नव्हती.

म्हणून आम्ही दोघी तिकडे गेलो. मारुतीच्या पारावर बैठक भरली. ज्या ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, त्याही आल्या होत्या, जरा मागे बसल्या होत्या. सगळं ऐकून हसत म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळं तुम्ही सगळ्या सुटला म्हणायचं." सगळ्या हसल्या. त्या मात्र नंतर पदर सारखा करत गप्प बसल्या. आम्ही त्या गटात जे बोललो तेच आज सविस्तर सांगतोय, कारण हा गैरसमज त्या एकाच गावात झाला असेल असं आम्हाला वाटत नाही.

सोयाबीन पेरणाऱ्या घरात हे समजायला अवघड नाही. पेरणीआधी आपण घरच्या बियाण्याची उगवण बघतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्यात किती उगवले ते मोजायचं. सत्तर उगवले तर बियाणं पेरायजोगं. पण ती परीक्षा झाली तरी पोत्यातल्या कुठल्या दाण्याला कोंब येणार हे कुणी सांगू शकतं का? नाही. आणि तासात एक दाणा वाया गेला म्हणून शेजारचा दाणा हमखास उगवतो, असंही नसतं. कुठे ओळीनं तीन खाडे पडतात, कुठे सगळं तास भरून येतं.

नऊत एक हे असंच आहे. नऊ-नऊ जणांचे शंभर गट घेतले आणि प्रत्येकाला नऊत एक एवढीच शक्यता धरली, तर हिशोब असा निघतो. साधारण ३५ गटांत एकालाही होणार नाही, ३९ गटांत बरोबर एकाला होईल आणि उरलेल्या २६ गटांत दोघांना किंवा जास्त जणांना होईल. म्हणजे "आमची एक झाली, आम्ही सुटलो" याला काही आधार नाही. "आमच्यात अजून कुणालाच नाही, आता कुणाची तरी पाळी" यालाही नाही.

आमची दुसरी चूक इथंच सांगून टाकतो. आम्ही "नऊ जणींत एक" म्हणालो. तो आकडा फक्त बायकांचा नाही, बाया-पुरुष सगळ्यांचा मिळून आहे, आणि सगळ्या प्रकारचे कॅन्सर त्यात धरलेत. एकट्या स्तनाच्या कॅन्सरचा आकडा वेगळा आहे, २९ बायकांत एक. दोन्ही आकडे देशाच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालातले आहेत.

आता ही नोंदणी म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांची वही साठच्या दशकात सुरू झाली. १९८१-८२ साली आयसीएमआरनं देशपातळीवर नोंदणीचं काम हाती घेतलं. पण ती सगळी शहरं होती. खेड्यातल्या माणसांना किती कॅन्सर होतो हे कुणी मोजलेलंच नव्हतं. ते मोजायला देशात पहिल्यांदा सुरुवात झाली ती आपल्या शेजारी बार्शीत, १९८७ साली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं त्यात घेतली.

शहरात नोंदणी करणारा माणूस दवाखान्यांत आणि लॅबमध्ये जाऊन कागद बघतो. खेड्यात त्या काळी माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीच्या लोकांनी उलटं केलं. नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगावी जायचे. चावडीवर, शाळेत बसून लोकांना लक्षणं सांगायचे. कुणाला बरी न होणारी जखम आहे, कुणाला गाठ आहे, कुणाचं अंगावरून जाणं थांबत नाही, हे विचारायचे आणि अशा माणसाला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात तपासणीला पाठवायचे. तपासणीत कॅन्सर निघाला की नाव, गाव, वय वहीत. तुमच्यातल्या वयस्कर बायकांना ही माणसं आठवतही असतील. तेव्हा बायकांमध्ये सगळ्यांत जास्त नोंदी निघायच्या त्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या.

तर वहीत दर वर्षी नवीन रुग्ण किती आणि त्यांची वयं काय, हे असतं. जनगणनेवरून त्या भागात कुठल्या वयाच्या किती बायका आहेत हे कळतं. या दोन गोष्टींवरून "आयुष्यभराचा धोका" काढतात. कसा काढतात ते एका दिंडीवरून बघू.

समजा हजार मुलींची एक दिंडी जन्मापासून निघाली. पाच-पाच वर्षांचा एकेक मुक्काम. शून्य ते चार वर्षं पहिला मुक्काम, पाच ते नऊ दुसरा, असं करत सत्तर ते चौऱ्याहत्तर हा पंधरावा आणि शेवटचा. प्रत्येक मुक्कामावर किती जणींना कॅन्सर निघेल, हे वहीवरून काढायचं.

एक मुक्काम करून दाखवतो. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, खरे नाहीत. एका भागात पन्नास ते चौपन्न वयाच्या २०,००० बायका आहेत आणि वर्षभरात त्यांतल्या १६ जणींना नव्यानं कॅन्सर निघाला. म्हणजे हजार बायकांमागे वर्षाला एकसुद्धा पूर्ण नाही, ०.८. पण त्या मुक्कामात बाई पाच वर्षं राहते. म्हणून ०.८ गुणिले ५, झाले ४. दिंडीच्या या मुक्कामावर हजारात चौघी.

असे पंधराही मुक्काम काढायचे आणि बेरीज करायची. लहान वयाच्या मुक्कामांवर अगदी थोड्या, चाळीशीनंतर वाढत जातात, साठीनंतर आणखी. समजा बेरीज आली १२०. मग हजारात १२० म्हणायचं का? थोडं कमी. कारण आधीच्या मुक्कामावर जिला कॅन्सर निघाला ती पुढच्या मुक्कामाला परत "नवीन" म्हणून मोजायची नाही, आणि आपण मात्र दर वेळी पूर्ण हजाराला दर लावत आलो. ती दुरुस्ती केली की १२० चे ११३ होतात. हजारात ११३, म्हणजे जवळजवळ नऊत एक. आपल्या देशाचा नऊत एक हा याच पद्धतीनं निघालेला आहे.

बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बायकांना हे फार अवघड वाटू नये. अवघड आहे ते या हिशोबात काय धरलेलं आहे आणि काय सोडलेलं आहे ते ओळखणं.

पहिली गोष्ट, दिंडी पंच्याहत्तरीला थांबते. "आयुष्यभर" म्हणतात, पण मोजतात चौऱ्याहत्तर पूर्ण होईपर्यंत. त्या बैठकीत ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी हिशोबातून सुटले." आजी हिशोबातून सुटल्या, आजारातून नाही. पंच्याहत्तरीनंतरही कॅन्सर होतो, तो फक्त या आकड्यात येत नाही.

दुसरी गोष्ट, या दिंडीत दुसऱ्या कशानं कुणी मरत नाही असं धरलंय. सर्पदंश नाही, बाळंतपण नाही, हृदयविकार नाही. सगळ्या पंच्याहत्तरीपर्यंत चालतात. खऱ्या आयुष्यात असं नसतं. म्हणून दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक मुक्कामावर दोन दारं ठेवतात. एका दारातून कॅन्सर झालेल्या बाहेर पडतात, दुसऱ्या दारातून बाकी कशानं वारलेल्या, आणि पुढे जेवढ्या उरल्या तेवढ्यांनाच पुढचा दर लावतात. ही पद्धत पंच्याहत्तरीला थांबत नाही, शेवटची बाई असेपर्यंत चालते. अमेरिकेत "आठ बायकांत एकीला स्तनाचा कॅन्सर" असं म्हणतात तो आकडा या दोन दारांच्या पद्धतीचा आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली तज्ज्ञांनी आणखी एक दुरुस्ती केली. एकाच माणसाला दोनदा वेगवेगळे कॅन्सर झाले तर तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. तरीही त्यांचं उत्तर आलं की १९६० नंतर तिथं जन्मलेल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी कॅन्सर होईल. दोघांत एक!

हे वाचून घाबरायला होतं. पण त्यांचा दोघांत एक आणि आपला नऊत एक शेजारी ठेवून सरळ तुलना करू नका. त्यांच्याकडे कॅन्सरचं प्रमाण आपल्यापेक्षा जास्त आहे हे खरंच. पण त्यांच्याकडे माणसं ऐंशी-नव्वदीपर्यंत जगतात आणि ती सगळी वर्षं हिशोबात येतात. जिथं माणसं जास्त जगतात तिथं आयुष्यभराचा धोका मोठा दिसतो. कुणी मोबाईलवर असा आकडा पाठवला तर आधी विचारा, कुठल्या वयापर्यंतचा आणि कुठल्या देशातला?

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या दिंडीतल्या हजार जणी खऱ्या नाहीतच. आज जन्मलेली मुलगी सत्तरीला पोचेल तेव्हा तिचा धोका किती, हे आज कुणालाच माहीत नाही. म्हणून आजच्या सत्तर वर्षांच्या आजीचा दर तिला लावतात. पण आजीनं सहा लेकरं अंगावर पाजलेली, नातीला एक किंवा दोन. लेकरं लवकर होणं, जास्त होणं आणि जास्त काळ पाजणं यानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. (म्हणून आता कुणी सुनेला "बघ, रेडिओवर सांगितलं" म्हणून धरू नका. लेकरं किती असावीत याला शंभर दुसरी कारणं असतात.) उलट आजी आयुष्यभर मिश्री लावत आली आणि नातीनं ती कधी तोंडात घेतलीच नाही, तर तोंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत नातीचा रस्ता जास्त बरा. म्हणजे आजचा आकडा ही नातीची पत्रिका नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०२० च्या त्याच अहवालात देशभरातल्या नोंदणी केंद्रांची तुलना आहे, वयाचा फरक काढून टाकून केलेली. सगळ्यांत खालचा आकडा कुणाचा? उस्मानाबाद-बीडचा. आपल्याकडे लाख बायकांमागे वर्षाला ४९.४ आणि अरुणाचल प्रदेशातल्या पापुमपारे जिल्ह्यात २१९.८. चौपटीहून जास्त.

आम्ही हे सांगितलं तेव्हा पारावर जरा टाळ्याच वाजल्या. त्यात काही खरी चांगली बातमी आहे, नाही असं नाही. पण वहीत नाव यायचं तर आधी बाईची तपासणी व्हावी लागते. जिचं अंगावरून जाणं "वयाचं असेल" म्हणून घरीच दबलं आणि जी घरीच गेली, ती वहीत येत नाही. नोंदणीचे लोक गावोगावी फिरून हे कमी करतात, पण प्रत्येक घरातलं प्रत्येक झाकलेलं दुखणं त्यांना दिसेलच असं नाही. तुम्ही आम्ही सगळ्यांनी अशी निदान एक तरी मावशी नाहीतर काकी पाहिलेली आहे. त्या बायकांना धरून आपला आकडा किती झाला असता, हे वहीतून निघत नाही. कमी आकडा बघून तपासणीला जायचं टाळलं, तर तो आकडा आणखी कमी दिसेल आणि माणसं मात्र जातील.

इथवर झालं ते सगळ्यांचं मिळून. पण पारावरच्या बायकांना खरं विचारायचं होतं ते हे, की माझं काय?

तर सगळ्यात आधी वय. नऊत एक हा जन्मापासून पंच्याहत्तरीपर्यंतचा एकत्र हिशोब आहे. बाई साठीला पोचली आणि तिला काही झालेलं नाही, तर मागचे बारा मुक्काम तिनं पार केले. तिच्या पुढे तीनच राहिले. आपल्या समजण्यापुरत्या दिंडीत त्या तीन मुक्कामांची बेरीज ४५ धरली, तर तिचा पुढचा धोका बावीस-तेवीसमध्ये एक एवढा होतो, नऊत एक नव्हे. पण तो तिच्यासाठी येत्या पंधरा वर्षांतला आहे. तिशीतल्या बाईचा एकूण आकडा मोठा, पण तो पंचेचाळीस वर्षांवर पसरलेला, आणि येत्या दहा वर्षांपुरता बघितला तर बारीक.

मग घराणं. इथं आम्हाला दोन बायका भेटल्या. एकीची सासू स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली. ही सून गेली चार वर्षं मनात धरून बसली होती की आता या घरात पुढचा नंबर आपला. दुसरीची आत्या गेलेली, एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि आत्याची मुलगीही त्याच आजारानं ऑपरेशन झालेली. ही दुसरी मात्र निवांत होती. म्हणाली, "आईकडचं तर कुणी नाही. ते बापाकडचं आहे."

दोघींचं नेमकं उलटं झालं होतं. सासू आणि सून यांचं रक्ताचं नातं नसतं. सासूच्या आजारानं सुनेचा धोका वाढत नाही. (सासूबरोबर बसून मिश्री लावायची सवय लागली असेल तर ती वेगळी गोष्ट. सवयी सासरहून येतात.) त्या सुनेच्या मुलीला मात्र ती सख्खी आजी लागते, हे लक्षात ठेवायचं. आणि आत्या? आत्या बापाची बहीण. जो दोष रक्तातून येतो तो आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो. बापाला स्वतःला काही झालं नाही तरी तो लेकीला देऊ शकतो.

एकेका बाईचा धोका मोजायचं एक प्रसिद्ध कोष्टक अमेरिकेत १९८९ साली डॉ. मिचेल गेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. बाईचं वय, पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, आई-बहीण-मुलगी यांच्यापैकी किती जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, स्तनाच्या गाठीचा तुकडा कधी तपासायला घेतला होता का, असे प्रश्न. उत्तरांवरून पुढच्या पाच वर्षांचा आणि आयुष्यभराचा धोका निघतो. मोबाईलवर आता कुणीही तो काढून देतं. पण ते कोष्टक तिकडच्या गोऱ्या बायकांच्या माहितीवर बेतलेलं होतं. आणि त्यात आत्याला जागाच नाही! जिच्या आत्याला चाळिशीत कॅन्सर झाला तिला ते कोष्टक खुशाल "काही नाही" म्हणेल. त्यापेक्षा एका कागदावर दोन्ही बाजूंची वंशावळ मांडा. कुणाला, कुठला आणि कितव्या वर्षी, एवढं लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कॅन्सर, दोन्ही बाजूंच्या स्तनांत झालेला, अंडाशयाचा, एकाच बाजूच्या दोघीतिघींना झालेला, किंवा घरातल्या पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, असं काही दिसलं तर डॉक्टर जनुकांच्या तपासणीचा विचार करतात.

असे रक्तातून आलेले दोष थोड्याच जणींत असतात. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणी. पण ज्यांच्यात तो असतो त्यांचा हिशोब फार वेगळा. बीआरसीए नावाच्या दोन जनुकांत बिघाड असलेल्या बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला आहे. त्यांत ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या सत्तरेक जणींना स्तनाचा कॅन्सर होतो असं निघालं. तिथं २९ मध्ये एक हा आकडा काही कामाचा नाही.

आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म भरून घेतात, तोही धोका मोजायचाच एक प्रकार आहे. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरात बीपी-शुगर-हृदयविकार, याचे गुण देतात. ४ पेक्षा जास्त गुण झाले तर तपासणीला आधी पाठवतात. पण बायकांनो, हे गुण म्हणजे कॅन्सरची टक्केवारी नव्हे. ते बीपी, शुगर सगळ्यांचं मिळून आहेत, आणि घरात कॅन्सर होता का हे त्या गुणांत धरलेलं नाही. ते तुम्ही आपणहून सांगायचं. आणि गुण शून्य आले तरी फॉर्मच्या पुढच्या भागातल्या लक्षणांपैकी एकही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. स्तनात गाठ, स्तनाच्या आकारात बदल, बोंडातून रक्तासारखं येणं, पाळी गेल्यावर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी. आशाताई विचारतात तेव्हा सासरा अंगणात बसलेला असतो म्हणून बायका सगळ्याला "नाही" म्हणतात. आम्ही स्वतः म्हटलंय. आशाताईला आत चुलीपाशी बोलवा.

धोक्याचा आकडा कपाळावर लिहिलेला नसतो, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९९ पासून इथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होते. गावांचे ५२ गट पाडले आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी तपासणी केली. ज्या गावांत बायकांची एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली आणि गरजेप्रमाणे उपचार केले, तिथं पुढच्या आठ वर्षांत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हे जगापुढे आलं. ज्या गावांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं होतं तिथल्या बायकांचं काय, यावर नंतर बराच वाद झाला, आणि आमच्या मते तो प्रश्न रास्तच होता. आपल्या उपकेंद्रात जी आम्ल लावून डोळ्यानं बघायची तपासणी होते, तिनं या जिल्ह्यातल्या अभ्यासात मृत्यू ठळकपणे घटलेले दिसले नव्हते. पण मुंबईच्या वस्त्यांमधल्या मोठ्या अभ्यासात ती दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एकदा जाऊन आलो, झालं, असं नाही. तिशीनंतर तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड या तिन्हींची तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा सरकारी केंद्रात होते, ती चुकवायची नाही.

पारावरची बैठक संपेपर्यंत दिवेलागण झाली होती. सचिव ताईंनी गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर अकरा जणींची नावं लिहिली, ऑपरेशन झालेल्या ताईंचंही. त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर. कुठं काय करतात ते मला ठाऊक आहे, मी सांगीन ह्यांना." सासूची चिंता करणारी सून उठताना म्हणाली की आज झोप लागेल. आत्याची भाची मात्र बराच वेळ आमच्याजवळ थांबली. आत्याचं वय, आत्याच्या मुलीचं वय, चुलत आजीला काय झालं होतं ते आठवत होती. शेवटी म्हणाली, वडिलांना फोन करून विचारते.

परवा तिचा फोन आला. कागद तयार आहे. सोमवारी ती जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणार आहे आणि आमच्यातली एक तिच्याबरोबर जाणार आहे. उपकेंद्रातला पुढचा तपासणीचा दिवस कुठल्या गावात कधी आहे, ते आम्ही रोज संध्याकाळी बाजारभावानंतर वाचून दाखवतो. तुमच्या गावाचं नाव आलं नाही तर फोन करा.